ड्रॅगनला लागणारी वीज

प्रिय शाओ-छिंग,

आधी या महिन्यात माझ्या हातून काय काय झालं ते सांगतो, म्हणजे बाबा नुसते चहा पीत बसतात असं तुला वाटायला नको. आपल्या बाहुल्यांच्या खेळाच्या ट्रकवरच्या रंगमंचाची डावी झडप नवी केली, बिजागऱ्यांसकट. बाहुल्यांमागच्या पडद्यावरची दृश्यं बदलायच्या बटणांची फळी पुन्हा बांधली; अंधारात बोटाला कळावं म्हणून ड्रॅगनच्या बटणावर जुन्या बाहुलीच्या अंगरख्यातला मणी चिकटवलाय. तू पाठवलेलं ग्राफिक्स कार्ड आपल्या कॉम्प्युटरच्या पेटीत मावेना, म्हणून आतली हार्ड डिस्कची चौकट करवतीनं कापली आणि कडा कानशीनं घासून घेतल्या. कार्ड जड, एका टोकाला झुकत होतं. त्याला खालून कापूरलाकडाचा टेकू दिला. आणि सगळ्यात शेवटी तळहाताएवढा एक चौरंग केला, चार पायांचा. तो कशाला, ते पुढे येईल. हे फोनवर सांगता येत नाही, कारण फोनवर तुझी आई शेजारी उभी राहून माझी वाक्यं दुरुस्त करते.

मागच्या खेळाचं तुला माहीतच आहे. तू काढलेला नवा समुद्र जुन्या कार्डाला झेपला नाही. सगळ्या बाहुल्यांचे आवाज काढता काढता आईनं माईकवर "ऊठ" म्हटलं आणि पडद्यावरचा ड्रॅगन अर्ध्या लाटेत अडकून राहिला, बद्धकोष्ठ झाल्यासारखा. लोक हसले. येताना ट्रकमध्ये ती एवढंच म्हणाली, "पुन्हा असं झालं तर सगळं आधी रेकॉर्ड करून लाव. मी घरी बसून लसूण सोलते." तिनं आजवर आपणहून एक पाकळी सोललेली नाही, म्हणून मी घाबरलो. रेकॉर्ड लावलं की तिला चित्रामागं धावावं लागेल. आज चित्र तिच्या आवाजामागं धावतं. पुढच्या ओळीतली एखादी म्हातारी डोळे पुसायला लागली की आई सासूच्या बाहुलीचा हुंदका लांबवते, आणि तो संपेपर्यंत मी मण्यावर बोट ठेवून थांबतो. ते थांबणंच तर आपला खेळ आहे.

तर कार्ड बसवण्याआधी विजेचं बघितलं. शाळा मी नववीत सोडली, पण मीटर वाचायला शाळा लागत नाही. सॉकेट आणि पेटी यांच्यामध्ये तो लावून बसलो. जुनं कार्ड पूर्ण भरात असताना अख्खी पेटी दीडशे वॅट खायची, नव्या कार्डासकट तीनशे. पॉवर सप्लाय बदलला, कारण जुन्याला या कार्डासाठी लागणारी वेगळी वायरच नव्हती. जोड देणारे तुकडे मिळतात बाजारात, मी ते घरात येऊ देत नाही. जनरेटर आपला लहान, त्यावर दिवे आणि कर्णेही. म्हणून धुराचं यंत्र देवळाच्या सॉकेटवर टाकायची परवानगी मागायला देऊळ समितीच्या चुंगकाकांकडे गेलो. ते म्हणाले, "देवीच्या विजेवर धूर? बिल देवी भरते की तू?" मी म्हटलं, "खेळ देवी बघते, बिल तुम्ही भरता." सुपारी थुंकून हसले आणि हो म्हणाले.

घरी सगळं लोण्यासारखं चाललं. देवळासमोर तालमीला मांडलं, आणि तिसऱ्या प्रवेशात ड्रॅगन पुन्हा अडखळला. आईनं माईक बंद केला. त्या खटक्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. मी जनरेटरला दोष देत होतो, तेव्हा तू फोनवर विचारलंस, "बाबा, अडखळताना वॅट वाढतात की पडतात?" हा प्रश्न मला सुचायला हवा होता, पण तुला सुचला याचं मला जास्त बरं वाटलं. बघितलं, तर पडत होते. जनरेटर कमी पडला असता तर पेटी सरळ बंद पडली असती. ही आपणहून मंदावत होती, म्हणजे कार्ड तापत होतं. पंखे बघितले, जाळ्या फुंकल्या, माझा टेकूसुद्धा काढून बघितला. मग दमून पेटीवर हात टेकला, तर हाताखाली हिरवं पाकीट, भट्टीतून काढलेल्या पावाइतकं गरम.

आईचा खोबऱ्याचा खाऊ, ज्याच्या नावाचाच अर्थ 'गुणी राहा'. हिरवंच पाकीट, तारीख न उलटलेलं, यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून दर खेळाला ठेवते तसं ठेवलेलं. नेमकं गरम हवा वर निघायच्या जाळीवर, आडवं. जुनं कार्ड थंड प्रकृतीचं, त्याला खपून गेलं. घरी पाकीट नव्हतं, म्हणून घरी नवंही गुणी होतं.

उचलून बाजूला ठेवावं, तर पाकीट काढलेल्या यंत्रासमोर तुझी आई तोंड उघडायची नाही. मी असल्या गोष्टी मानत नाही, पण खरं सांगतो, मीही मण्याला बोट लावलं नसतं. आणि ड्रॅगन आपल्याच पाकिटानं अडवला हे कळलं असतं, तर ती खरंच लसूण सोलायला बसली असती. म्हणून तो चौरंग. पाकीट त्यावर चार बोटं उंच बसतं, खालून हवा मोकळी जाते. आईनं बघितलं आणि म्हणाली, "आत्ता तुला अक्कल आली. किती मानानं बसवलंस." मी मान डोलावली. तूही डोलाव, आणि गप्प राहा.

मात्सू देवीच्या वाढदिवसाला खेळ झाला. आई "ऊठ" म्हणाली आणि समुद्र फाटल्यासारखा ड्रॅगन वर आला, मग ती थांबली तसा तोही थांबला, आभाळात, मिशा हलवत. मीटर तीनशेवरून जागचा हलला नाही. हुंदका तिनं इतका लांबवला की चुंगकाका नाक शिंकरायला देवळामागं गेले. परतताना ट्रकमध्ये ती सगळी वाट सासूच्या आवाजात बोलत होती, मला तांदळाच्या शेवया करायला सांगत होती. केल्या मी.

आता जे तुला आधी विचारायला हवं होतं ते. खेळाला थाइपेइहून एका कंपनीची दोन माणसं आली होती. नंतर मागं येऊन आमच्याबरोबर शेंगा खात बसली. बाई सभ्य होत्या, बाहुलीला हात लावण्याआधी विचारत होत्या. त्यांना आईचा आवाज, तुझी चित्रं आणि माझी बटणं मिळून एकच फिल्म भरून घ्यायची होती, जिथं खेळ करणारी मंडळी बोलावणं परवडत नाही त्या देवळांत लावायला. आई म्हणाली, "यंत्राचं यांना विचारा," आणि बाहुलीच्या एकाच अंगरख्याची पुन्हा पुन्हा घडी घालत राहिली. मी नाही म्हणालो. अंगरखा बाहुल्यांच्या पेटीत गेला. चित्रं तुझी आहेत हे मला घरी पोचल्यावर आठवलं. तुझी तुला वेगळी द्यायची असतील तर जरूर दे. बाईंचा नंबर मागच्या पानावर लिहिलाय, मला वाईट वाटणार नाही. पण मी काय परत पाठवलं ते तुला आकड्यासकट माहीत असावं म्हणून हे पत्र: आपल्या तिघांचा अख्खा खेळ, कायमचा, बारा लाख तैवानी डॉलरला, आणि त्यातले सहा लाख तुझे.

तुझाच,
बाबा