पीचच्या मुरंब्याची बरणी

अटलांटा, सप्टेंबर १८६८

प्रिय आई,

मी खुशाल आहे, खोकलाही थांबलाय. रूथताई, पुढचं आईला वाचून दाखवताना आवाज खाली आणू नकोस.

आज आम्हा काळ्या आमदारांना सभागृहातून काढून टाकलं. म्हणे, काळ्याने मत द्यावं, पण निवडून येऊन इथे बसू नये. त्या ठरावावर आम्हाला मतही देऊ दिलं नाही, कारण विषय आमचाच होता!

सगळ्यात मोठ्याने कोण बोंबलला माहितीये? तुझा लाडका थॅडी, मालकांचा मुलगा. गुलामीच्या दिवसांत मालकिणीच्या हुकमावरून, मला रडत ठेवून, ज्याला तू अंगावर पाजलंस तोच. माझ्याकडे बोट करून म्हणाला, "राज्य करणं यांच्या रक्तातच नाही."

मी उठलो. "रक्ताचं राहू दे, दूध कोणाचं प्यायलास ते सांग!"

अध्यक्षांनी हातोडा आपटून मला खाली बसवलं. थॅडी समोरचे कागद चाळू लागला.

त्याला द्यायला तू दिलेली मुरंब्याची बरणी माझ्या पायाशीच होती. बाहेर पायऱ्यांवर बसून आम्ही सगळ्यांनी ती बोटांनी चाटूनपुसून संपवली. रागावलीस तर रागव.

अंधार पडला की दाराला अडसर घालत जा. खिडकीत दिवा ठेवू नका. रात्री तोंडं झाकून आपल्या लोकांना मारायला येणारे ते घोडेस्वार पुन्हा आले होते का? खरं कळवा. मी येतोय, पण गप्प बसायला नाही.

आणि आई, पुढच्या उन्हाळ्यात पीच पिकले की पहिली बरणी माझी. जन्मात एकदा तरी मला आधी वाढ.

तुझ्याच पोटचा,
लेवी