पानांची पाठ

९ जानेवारी

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

सोबत माझी एकतीस पानं पाठवतेय. घरी बोलले नाही, पण दोन महिने मी वर्गातच गेलेले नाही. पुस्तक उघडलं की छातीत धडधडतं. कॉलेजच्या समुपदेशक बाई म्हणाल्या, रोज वीस मिनिटं मनात येईल ते लिही, कोणाला दाखवू नकोस. लिहिलं. आता ही पानं फाडवत नाहीत आणि उघडी ठेववतही नाहीत. तुम्ही जन्मभर लोकांची पुस्तकं बांधलीत, माझंही एक बांधून द्या. पण एक अक्षरही वाचायचं नाही. काकूच्या हाती तर लागूच देऊ नका, तिला धीर निघायचा नाही.

परीक्षेला बसायचं की सगळं सोडून यायचं, ते पुस्तक हातात आल्यावर ठरवीन.

माया आहे तशीच राहू द्या.
तुमची भिंगरी

१६ जानेवारी

चि. भिंगरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पुस्तक तयार आहे, सोबत पाठवतोय, पण आधी गुन्हा कबूल करतो. पाकीट फोडताना पानं सांडली आणि पंख्याने दुकानभर झाली. तू आकडे घातले नव्हतेस. आमच्या धंद्यात अशा वेळी एका पानाचा शेवट नि दुसऱ्याची सुरुवात जुळवतात, पण तेही वाचणंच झालं.

मग सगळी पानं पालथी घातली आणि पाठीवरून बोटं फिरवली. काहींवर अक्षरं उठून आली होती, एकाला तर पेनाने भोक पडलेलं. काहींवर बोटाला काहीच लागेना. जोराच्या पानांपासून हलक्या पानांपर्यंत ओळीने लावत गेलो आणि थक्क झालो. चाळीस वर्षं कागद हाताळतोय, पण माणसाच्या मनावरचं ओझं असं पानापानाने उतरताना हाताला कळेल, हे कधी वाटलं नव्हतं. काकूने दोनदा जेवायला हाक मारली, तरी स्टुलावरून उठवेना.

भोकाचं पान पहिलं लावलंय. चुकलं असेल तर उसवून देतो. वाचलं नाही, पण त्या पानाने घाबरलो. तू बरी आहेस ना, तेवढं लगेच कळव.

तुझा काका

२१ जानेवारी

ती. काका,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही माझं पुस्तक उलटं बांधलंत.

मी सुरुवात केली ती खोलीतली मैत्रीण घोरते, कपडे वाळत नाहीत, असल्या रडगाण्याने. खरं ते टाळत होते. रोज थोडं जवळ जात गेले, पेन रुतत गेलं आणि शेवटच्या दिवशी ते भोकाचं पान लिहिलं. त्यावर एकच वाक्य आहे. मला जगावंसं वाटत नाही.

तुमच्या क्रमाने वाचलं, काका. ते वाक्य पहिलं येतं, मग हळूहळू हलकं होत जातं आणि शेवटच्या पानावर मी घोरण्याची तक्रार करत असते. माझीच पानं, पण मी तोंडात बोट घालून बघत राहिले. इथूनही पुढे जाता येतं, हे मला सुचलंच नव्हतं. त्याच दुपारी बाईंना पहिलं पान वाचून दाखवलं. त्यांनी मला स्वतः डॉक्टरांकडे नेलं, आता दर आठवड्याला जाते. मैत्रीण रोज खोलीवर सोबत असते. परीक्षेचा अर्जही भरलाय.

उसवू नका. रविवारी काकूला घेऊन या. पहिलं पान मी वाचीन, तुम्ही दोघं नुसतं शेजारी बसा.

तुमची भिंगरी