नऊ पाट्यांची सवत

॥ श्री ॥

मी, ठमाबाई, कोम कैलासवासी गोविंदा भोईर, राहणार खोपट, ठाणे, धंदा मिठागर, हे मृत्युपत्र राजीखुशीने सांगून लिहवून ठेवते. माझी अक्कल ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे लेखक आनंदराव कर्णिक सांगतात. मी कसल्या नशेत नाही की कोणाच्या धाकात नाही. पुतण्या मधु हल्ली रोज येऊन पाय चेपून जातो, त्याला धाक म्हणत असतील तर तेवढा आहे. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. मला मूलबाळ नाही, त्यामुळे माझ्यामागे भांडायला दुसऱ्यांची मुले येतील. त्यांचे काम हलके व्हावे म्हणून हे लिहिणे.

कलम पहिले. माझे राहते घर, परसातल्या विहिरीसह, मधुला द्यावे. माझी नणंद हौसाबाई तरुणपणी विधवा झाली तेव्हापासून याच घरात आहे. ती जिवंत असेपर्यंत स्वयंपाकघर आणि मागची खोली तिची. मधुच्या बायकोने तिला चुलीपासून उठवले तर त्या दिवसापासून सगळे घर हौसाबाईचे समजावे. मधुची बायको गोड बोलते, आणि गोड बोलणाऱ्यांची मला लहानपणापासून भीती आहे.

घर मधुला द्यायचे म्हणूनच तो या कागदावर साक्षीदार नाही. तो फार आग्रह करत होता. ज्याने साक्ष घातली त्याला मृत्युपत्रातले काही मिळत नाही, असा कायदा आनंदरावांनी समजावून सांगितला, तेव्हा त्याचा आग्रह तिथल्या तिथे बसला.

कलम दुसरे. माझे दागिने हौसाबाईला. ती घालणार नाही, लोक काय म्हणतील म्हणून. तिने विकावे आणि एकदा नाशिक पाहून यावे. भावाची धोतरे धुण्यात तिचा जन्म गेला. त्या धोतरांना मैदानाची माती असायची आणि ती मातीसुद्धा ती कौतुकाने झटकायची. मला ते कौतुक बघवत नसे.

कलम तिसरे. खाडीकाठचे मिठागर माझ्या बापाने मला लिहून दिले, ते मधु आणि हौसाबाई यांनी निम्मे-निम्मे घ्यावे. मीठ ओढायची लाकडी फावडी, टोपल्या आणि पाणी चढवायची रहाटी मात्र जे मजूर आज कामावर आहेत त्यांची. मालक बदलला की पहिल्यांदा अवजारांवर कुलूप पडते, हे मी पाहिलेले आहे.

या मिठागरावर एक बोजा आहे, तो सरकारी दप्तरात कुठे सापडणार नाही. दर मोसमातल्या पहिल्या मिठाची एक मूठ वजनाआधी बाजूला काढायची. मीठ खात्याचा शिपाई त्या वेळी खाडीकडे तोंड करून उभा राहतो आणि बगळे पाहतो. माझ्या बापाच्या वेळचा शिपाई पाही, आत्ताचाही पाहतो. ती मूठ कशासाठी ते पुढे येईल.

कलम चौथे. आता माझ्या सवतीविषयी.

आनंदराव म्हणाले की कैलासवासी गोविंदाची दुसरी बायको असल्याचे ठाण्यात कोणालाच ठाऊक नाही, तेव्हा असे लिहू नये. मी म्हटले, लिहा. सगळ्या ठाण्याला ठाऊक आहे. तिचे नाव खोपटकर मंडळी.

ज्यांनी आट्यापाट्या पाहिलेल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. जमिनीवर नऊ आडव्या पाट्या आखतात आणि त्यांच्या मधून एक उभी. प्रत्येक आडव्या पाटीवर एक गडी वाट अडवून उभा. उभ्या पाटीवर धावायची मुभा फक्त पहिल्या गड्याला, त्याला सूर म्हणतात. समोरच्या टोळीने यांचा हात अंगाला लागू न देता नववी पाटी ओलांडायची आणि तशीच परत यायचे. परत आले की लोण झाले. आमच्या बाजूची चाल अशी की नवव्या पाटीपलीकडे पानावर मीठ ठेवतात. तिथवर पोचलेल्याने त्यातली चिमूट मुठीत घेऊन यायची. मूठ रिकामी निघाली तर लोण धरत नाहीत. आणि त्या पानाजवळ बाईने जायचे नाही, तिची सावलीही पडू द्यायची नाही. मीठ बाईच्या मिठागराचे असले तरी.

मंडळी काढली माझ्या बापाने. कल्याणच्या एका व्यापाऱ्याने जत्रेत आमच्या मजुरांची टोळी हरवली आणि वर चारचौघांत हसला. बापाला ते लागले. त्याने खेळाडू पगारावर ठेवले. खेळाच्या दिवशी मिठागराचे काम नाही आणि पगार कापायचा नाही, ही गोष्ट तेव्हा लोकांना इतकी चमत्कारिक वाटली की नुसते पगारी खेळाडू कसे दिसतात ते पाहायला माणसे यायची. भिवंडी, आंबिवली, मलंगगडाच्या पायथ्याशी, जिथे कोणी बिदागी देऊन बोलावील तिथे खोपटकर जायचे. फार मोठे नाव कधी झाले नाही. मुंबईला एकदा गेले आणि असे हरले की त्या गोष्टीवर घरात बोलायची बंदी होती.

गोविंदा कोपरचा. त्याच्यासारखा सूर या खाडीच्या दोन्ही अंगांना नव्हता. तो पाटीवर उभा राहिला की समोरच्याला वाट दिसेनाशी व्हायची. साहजिकच कल्याणकरांनी त्याला दुप्पट पगार लावला. माझ्या बापाला तेवढे झेपेना. त्याने मग दुसरी तोड काढली. त्याला घरजावई केले.

लग्नात लोक म्हणत होते, ठमीला नवरा छान मिळाला. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला खेळाडू म्हणत होते, सूर टिकला. मी दोन्ही ऐकले. तेव्हापासून एकच गोष्ट माझ्या मनात आहे आणि ती मी आज कायद्याच्या भाषेत लिहवते: सदर गोविंदाने मला केले की मंडळीला केले, याचा निकाल आजवर लागलेला नाही.

तो वाईट नवरा नव्हता. दारू नाही, हात उगारणे नाही, बाजारातून येताना माझ्यासाठी काहीतरी घेऊनच यायचा. पण जेवताना बोटाने ताटात पाट्या काढायचा. झोपेत खांदा हलवून कोणाला तरी अडवायचा. मी आजारी पडले तर बाजेपाशी बसायचा खरा, पण कान बाहेर, कोणी हाक मारते का इकडे. दुसरी बाई असती तर मी तिच्या दारात जाऊन झिंज्या धरल्या असत्या. पाट्यांच्या झिंज्या कुठे धरणार? मी जळले. घरात जळले, मिठागरावर जळले, आणि सामन्याच्या दिवशी दूर बांधावर उभी राहून, जिथून माणसे मुंग्यांएवढी दिसतात तिथून, जळले.

कलम पाचवे. इनास पास्कू परेरा, राहणार चर्चमागची वाडी, ठाणे, याच्याबद्दल.

हा नववी पाटी धरायचा. पहिल्या पाटीवर गोविंदा, शेवटच्यावर इनास, आणि मधल्या सगळ्यांच्या डोक्यांवरून या दोघांचे बोलणे चालायचे. मानेने, भुवईने. मला चार वाक्यांत सांगावे लागायचे ते इनासला खांद्याच्या हालचालीत कळायचे. आमच्या घरी तो आला की मी त्याला ओटीवर पान वाढायची, आत नाही. त्याने कधी वाईट वाटून घेतले नाही. गोविंदा आपले ताट उचलून ओटीवर जाऊन त्याच्या शेजारी बसायचा. जातीतल्यांनी बोल लावला तेव्हा म्हणाला, माझी नववी पाटी जिथे जेवते तिथे मी जेवतो. माझ्याबद्दल तो असे चारचौघांत काही बोलल्याचे मला आठवत नाही.

गोविंदा आंबिवलीच्या जत्रेत गेला, सूर धरून. केस पिकलेले, दम राहिलेला नाही, सगळे सांगत होते. उभ्या पाटीवरून मागे धावला आणि कोसळला. इनास नवव्या पाटीवरून पळत आला आणि त्याचे डोके मांडीवर घेतले. थोडे बोलणे झाले असे पाहणारे सांगतात. मग संपले. बैलगाडीतून त्याला घरी आणले तेव्हाही डोके इनासच्याच मांडीवर होते. ते मी काढून घेतले.

काय बोलणे झाले हे मी इनासला विचारले नाही. माझ्या नवऱ्याचे शेवटचे शब्द दुसऱ्याच्या खिशात आहेत, आणि ते मी पदर पसरून मागावेत? मागितले नाहीत. त्यानेही आपण होऊन सांगितले नाहीत. इतकी वर्षे तो चवथीला येतो, मी नाताळाला पानविड्याचे ताट पाठवते, त्याची बायको अ‍ॅग्नेस परतीच्या ताटात गोड घालते, आणि हा विषय आमच्यात उभा असतो.

कलम सहावे. खोपटचे मैदान.

ही जमीन माझी आहे. मधुला तिथे गवताची वखार घालायची आहे आणि त्याने दोऱ्या लावून मापेही घेतली आहेत. गाठीच्या तापाच्या, प्लेगाच्या, साथीत सरकारने जत्रा बंद केल्या, मंडळी पांगली, काही मेले. आता पुन्हा पोरे जमू लागली आहेत. इनास त्यांना शिकवतो. मैदान गेले की मंडळी संपली, हे मला कळते. सवत संपवायची संधी देवाने माझ्या हातात दिलेली आहे, हेही कळते.

तरी मी हे मैदान इनास परेरा यास देत आहे. अट एकच. माझा अंगठा होण्याआधी त्याने माझ्यासमोर येऊन बसावे आणि गोविंदा शेवटी काय बोलला ते सांगावे. सांगितले नाही तर मैदान मधुचे. त्या बोलण्यात माझे नाव असावे अशी माझी इच्छा आहे. हे लिहवताना लाज वाटते, पण खोटे लिहवून काय करू?

कलम सातवे. हे कलम आजच, वरील मजकूर इनासला वाचून दाखवल्यावर घातले.

इनास आला. ओटीवर बसत होता, मी त्याला आत बोलावले. आनंदरावांनी सगळे वाचले. त्याला साक्षीचा कायदाही कळला, मैदानाची अटही कळली. माझे नाव घेतले होते एवढे म्हटले की मैदान त्याचे, आणि खरेखोटे तपासणारा दुसरा कोणी नाही. त्याने टोपी काढून बाजूला ठेवली. मग म्हणाला,

"वयनी, त्याने तुमचं नाव नाय घेतलं. लोण अडलं का, एवढंच विचारलं."

मी विचारले, मग तू काय सांगितलेस?

"मी बोललो, अडलं. अडलं नव्हतं. मी पाटी सोडून त्याच्याकडे धावलो, तवाच समोरच्यांचं एक पोर मीठ घेऊन परत गेलं. गोविंदाशी मी खोटं बोललो. तुमच्याशी नाय बोलणार."

एवढे बोलून त्याने आनंदरावांना विचारले की साक्षीदाराने सही कुठे करायची. आनंदरावांनी त्याला बजावले की साक्ष घातलीस तर मैदान मिळणार नाही. तो म्हणाला, ठाऊक आहे, म्हणूनच घालतो. नाहीतर वयनीला उद्या वाटेल मी शब्द विकले.

हौसाबाई दाराआड रडत होती. मला रडू आले नाही. पहिल्यांदा वाटले, पाहा, मी म्हणत होते तेच निघाले. मग वाईट वाटले, फार वाटले. आणि त्याच्यामागून एक गोष्ट लक्षात आली आणि ती मला आवडली. गोविंदाला जन्मभर इनासचे सगळे मिळाले, माझ्या वाट्याला काही आले नाही. पण शेवटचे खरे त्याला मिळाले नाही. ते मला मिळाले.

सबब कलम सहामधली देणगी रद्द. खोपटचे मैदान आता खोपटकर मंडळीच्या नावे, कोणा एकाच्या नाही. देखरेख आनंदराव कर्णिक यांनी नेमलेल्या पंचांनी करावी. मधुने आपल्या दोऱ्या गुंडाळून न्याव्यात. पहिल्या मिठाची मूठ दर मोसमात आमच्याच मिठागराची जावी, आणि नवव्या पाटीपलीकडच्या पानावर ती हौसाबाईने स्वतः चालत जाऊन ठेवावी, सावलीसकट. कोणी हरकत घेतल्यास मैदान त्याच दिवशी वखारीला द्यावे. मंडळीने हे नीट समजून घ्यावे.

कलम आठवे, आणि शेवटचे. माझी वेळ येईल तेव्हा इनासला बोलावून घ्यावे आणि आत, माझ्या उशाशी बसवावे. मी काय बोलते ते त्याने ऐकावे. मी नाव गोविंदाचेच घेईन, मला माझी खात्री आहे. नंतर लोक विचारतील. तेव्हा इनासने आणखी एकदाच खोटे बोलावे आणि सांगावे की ठमाबाई मिठाचा भाव विचारत होती.

येणेप्रमाणे लिहवले, वाचून घेतले, पटले, म्हणून अंगठा केला.

ठमाबाई, कोम गोविंदा भोईर. निशाणी डाव्या अंगठ्याची.

साक्षीदार:
रुडॉल्फ डिमेलो, इनासचा शेजारी, राहणार ठाणे. सही दस्तुरखुद्द.
इनास पास्कू परेरा, राहणार ठाणे. सही दस्तुरखुद्द, अक्षर वेडेवाकडे आहे पण त्याचेच आहे.

लेखक: आनंद विनायक कर्णिक.

मुक्काम खोपट, ठाणे. मार्गशीर्ष, शके १८२०.