उठून दाखवण्याची परीक्षा

प्रिय मेहुणेबुवा,

अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे, साखर कुठवर चढली आहे आणि घरच्या मंडळींनी तुला अजून घरात ठेवलं आहे ना, हे सविस्तर कळव. माझी तब्येत ठीक. ठीक म्हणजे, पहाटे साडेपाचला हलवून उठवून 'झोप लागली का' असं विचारणाऱ्या लोकांच्या ताब्यात जेवढी ठीक राहील तेवढी. पत्रास कारण आहे, पण ते ओघात येईल. (इथे माझं वाक्य पुरं होईपर्यंत कोणी थांबत नाही, म्हणून सगळी लांब वाक्यं तुझ्यासाठी साठवून ठेवली आहेत. सोसून घे.)

तुझ्या भाच्याने मला या वृद्धाश्रमात 'फक्त दोन महिने, पाय बरा होईपर्यंत' म्हणून आणून ठेवलं, हे तुला ठाऊक आहे. पाय बरा होऊन वर्ष झालं. पोरगा वाईट नाही रे. दर रविवारी येतो, खुर्चीच्या कडेवर बसतो आणि 'बाबा, इथे काय कमी आहे?' असं विचारतो. कमी काहीच नाही. वेळेवर जेवण आहे, पलंगाला कठडा आहे, फक्त दाराला आतून कडी नाही. मला माझ्या घरी जायचं आहे. दोन खोल्या, दुसरा मजला, आपल्या मनाने लागणारा आणि विझणारा दिवा. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाने एवढं मागितलं, की लोक त्याने घोडा मागितल्यासारखे बघतात.

चौकशीअंती कळलं की सुटका होऊ शकते, पण परीक्षा द्यावी लागते. एकट्याने राहता येतं हे एका बाईंसमोर करून दाखवायचं. चहा करायचा, आठवड्याच्या गोळ्या डबीत लावायच्या, दोन जिने चढायचे आणि जमिनीवरून कोणाच्या आधाराशिवाय उठायचं. मी मनात हसलो. चौतीस वर्षं परवाना कार्यालयात नोकरी केलेला माणूस मी, शेजारच्या सीटवर बसून हजारोंच्या ड्रायव्हिंगच्या परीक्षा घेतल्या, मला कोण नापास करणार? (तुला तीनदा नापास केलं तो विषय आपण तुझ्या बहिणीच्या हयातीतच मिटवला होता. तरी सांगतो, तिसऱ्या वेळी तू आरशात बघितलं नव्हतंस.)

पहिल्याच फेरीत माती खाल्ली. चहा उत्तम झाला होता. पण बाई लिहिता लिहिता मागे न बघता मागे सरकल्या, ट्रॉलीवर आपटल्या, आणि सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, 'बाई, आरसा!' मग परीक्षा कशी घ्यावी हे मी त्यांना थोडक्यात समजावून सांगितलं. थोडक्यात म्हणजे पंचवीस मिनिटं. त्या पंचवीस मिनिटांत माझ्या पाठीमागे गॅस जळतच होता आणि त्यावर रिकामं पातेलं. शेरा आला, 'फाजील आत्मविश्वास.' तुझ्या कागदावर मी हेच दोन शब्द लिहिले होते. आज त्याचं मनापासून वाईट वाटतं. (आरशाचं नाही.)

म्हणून पुढच्या खेपेला सराव करायचा ठरवला. दुपारी सगळे पेंगत असताना खोलीत चादर अंथरून जमिनीवर आडवा झालो. आधी कुशीवर, मग गुडघ्यांवर, मग खुर्ची धरून उभं, अशी पद्धत असते. कुशीवर आलो तर पलंगाखाली माझा दोन महिन्यांपूर्वी हरवलेला चष्मा! तो काढायला आत सरकलो. इतक्यात माझा खोलीसोबती जागा झाला. (त्याला आम्ही रेडिओ म्हणतो. सकाळी लागतो तो दिवेलागणीला बंद होतो.) त्याला पलंगाखालून आलेले माझे दोन पाय तेवढे दिसले. त्याने घंटा दाबली. चार माणसं, एक नर्स आणि स्ट्रेचर. मी ओरडून सांगतोय, अहो, मी पडलो नाही, उठण्यासाठी निजलोय! वाक्य शंभर टक्के खरं, पण ऐकायला किती वाईट! वहीत नोंद झाली, 'पडले. बोलणे असंबद्ध.' परीक्षा दीड महिना पुढे गेली, रेडिओला शाबासकी मिळाली आणि ती बातमी त्याने आठवडाभर लावली.

काल मात्र पास झालो. तोंड मिटून चहा केला. जिने चढताना दोनदा थांबलो, थांबायला परवानगी असते. जमिनीवरून उठायला चार मिनिटं लागली. बाई तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. मीही तसंच करायचो, समोरच्याने बिचकू नये म्हणून. चांगल्या परीक्षक आहेत. उभा राहिलो. आनंद झाला, पण फार दमलोय रे. इथे कोणी काही करू देत नाही, आणि काही न करून माणूस जितका दमतो तितका नोकरीत कधी दमलो नाही.

घरच्यांना आशीर्वाद सांग.

तुझा,
भाऊजी

ता. क. पास होऊनही सोडत नाहीत. एका नातेवाइकाने लिहून द्यावं लागतं की मी यांना रोज सकाळी फोन करीन आणि उचलला नाही तर जाऊन बघीन. तुझा भाचा सही करत नाही, त्याला म्हणे काळजीने झोप लागणार नाही. कागद सोबत आहे. खूण केली आहे तिथे सही कर. फोन आठनंतर कर, त्याआधी मी उठणार नाही. उगाच धावत येशील.

आणखी एक ता. क. एकट्याने राहता येतं हे दाखवून पास झालो असं वर लिहिलंय, पण त्यात एक गोष्ट गाळली आहे. तुझी बहीण गेली त्याच आठवड्यात मुलाने मला त्याच्याकडे नेलं, तिथे मोरीत घसरलो, तिथून इथे आलो. तिच्यावाचून त्या घरात मी एक रात्रही राहिलेलो नाही. परीक्षेत हे कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मला भीती वाटते. तेव्हा दार उघडायला सोबत ये आणि पहिला दिवस राहा. दुसऱ्या दिवशी सकाळी जा. मी थांब म्हणेन, तरी जा.