कमळाच्या नाण्यावर ओतलेलं पाणी

आये, पदराची गाठ सोडून तू पितळी ताटलीत नाणी ओतायचीस, तो खुळखुळाट मला अजून ऐकू येतो. एखादं नाणं गाठीच्या चुणीत अडकून मागं राहायचं. मग ते एकटंच पडायचं आणि गिरकी घेत वाजत राहायचं, कविता संपल्यावर तिचा शेवटचा शब्द वर्गात रेंगाळावा तसं. बेडशाच्या डोंगरातली करवंदं लोणावळ्याच्या बाजारात विकून तू दिवेलागणीच्या आत परतायचीस. नाण्यांना करवंदाच्या चिकाचा आणि तुझ्या घामाचा वास असायचा. मला तो आवडायचा.

माझ्या चड्डीचा खिसा फाटका, म्हणून तू दिलेले पाच पैसे मी गालात ठेवायचो. एकदा मास्तरांनी मला कविता म्हणायला उभं केलं. कविता ढगांची होती, मला तोंडपाठ, पण नाणं दातांवर आपटत होतं आणि ओळ न् ओळ बोबडी निघत होती. "कविता म्हणतोयस की पान चघळतोयस?" मास्तर म्हणाले. पोरं खिदळली. मास्तरांनी ते नाणं माझ्या तळहातावर काढायला लावलं आणि सगळ्या वर्गाला दाखवलं. हे कुठून कुठून आलंय ठाऊक आहे का, मटणाच्या दुकानातून, खोकणाऱ्याच्या मुठीतून, शेण काढलेल्या हातांतून. डोळ्यांना दिसत नाहीत असे जंतू बसलेत त्यावर, पोटात गेले की हगवण, विषमज्वर. तोंडात घालायचं नाही, आणि पैसे हाताळले की जेवायच्या आधी हात धुवायचे. मग बाहेर नेऊन त्यांनीच माझ्या हातांवर पाणी घातलं, कविता पुन्हा म्हणवून घेतली आणि लोणावळ्याच्या स्पर्धेसाठी माझं नाव लिहिलं.

मी घरी येऊन स्पर्धेचं सांगितलं तेव्हा तू चुलीपुढं होतीस. उठलीस, फडक्यात बांधून ठेवलेलं कमळाचं नाणं काढलंस, वीस पैशांचं, पिवळंधमक, जे तू कधी मोडायची नाहीस, आणि हात पुढं केलास. आणि मी, सकाळच्या शहाणपणानं फुगलेला, म्हणालो, हातात नको, तिथं खाली ठेव. तू ते उंबऱ्यावर ठेवलंस. मी तांब्या आणला, वरून पाणी ओतलं आणि मग उचललं. मला वाटत होतं तू कौतुक करशील. तू त्या ओल्या उंबऱ्याकडं बघत राहिलीस.

"आता घरातबी व्हय रं?" एवढंच म्हणालीस आणि भाकरी थापायला बसलीस.

मला वाटलं, उंबरा भिजवला म्हणून रागावलीस. पुढं किती तरी वर्षं तेच वाटत होतं. रेल्वेत तिकीट खिडकीवर लागलो त्या साली मावशीनं बोलता बोलता सांगितलं. तुम्ही दोघी बहिणी लहान असताना बाजारात मीठ आणायला जायचात. दुकानदार नाणं पायरीवर ठेवायला सांगायचा, त्यावर पाणी शिंपडायचा, मगच उचलायचा. मीठ वरून पदरात टाकायचा. मी जन्मलो त्याच्या आदल्या वर्षी आपल्या सगळ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि तुम्ही मोठ्या माणसांनी ठरवलं की पोरांना यातलं काही सांगायचं नाही. "लय रडली व्हती ती," मावशी म्हणाली, "त्या कमळाच्या पैशापायी."

आये, मास्तरांनी मला हात धुवायला सांगितलं होतं. मी तुझं नाणं धुतलं, तुझ्यासमोर.

त्यानंतर पस्तीस वर्षं खिडकीवर बसलो, पण पैसे खाचेत टाका असं कुणाला म्हटलं नाही. कान्हे गावच्या दूधवाल्यांची ओली नाणी, मासळीवालीची खवल्यांसकट नाणी, सगळी तळहातावर घेतली. डबा उघडण्याआधी कोपरापर्यंत साबण लावायचो आणि पाणी काळं निघायचं. मास्तर खरंच बोलत होते. तुमचं दोघांचंही राखलं असं मला वाटायचं. पण तुझ्याशी बोललो नाही. मावशीनं सांगितल्यावर तू सहा वर्षं होतीस. दर रविवारी यायचो, तुझ्या हातची भाकरी खायचो, पावसापाण्याचं, शेजारपाजाऱ्यांचं बोलायचो आणि परत जायचो.

मग तो साथीचा उन्हाळा आला. लोणावळ्यातल्या तुंगार्लीत आमच्या दाराशी साबणाच्या पाण्याचा वाडगा आला. बेडशाकडूनच एक बाई डोक्यावर पाटी घेऊन करवंदं विकायला यायची, चाल थेट तुझी. सुटे परत देताना ती ते वाडग्यात टाकायची. एकदा टाकता टाकता थांबली आणि पाण्याकडं बघत राहिली. ते बघणं मी आधी एकदा पाहिलेलं होतं. तरी मी खुर्चीतून उठलो नाही. त्यानंतर ती आलीच नाही. वाडगा सुनेनं ठेवला होता, असं मी सगळ्यांना सांगतो. मी ठेवला होता, आये. मला मरायची भीती वाटली.

हे पत्र कुठं टाकणार? तुला वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक ओळ शाळेतल्या कवितेसारखी मोठ्यानं म्हणत लिहितोय. घरात कुणी नाही, म्हणून बरं.

आत्ता मधेच उठावं लागलं. दार वाजलं. बघतो तर तीच, इतक्या वर्षांनी, केस पांढरे झालेले, पाटी उंबऱ्याबाहेर उतरवलेली. मी करवंदं घेतली, नोट दिली. तिनं पदराची गाठ सोडून सुटे मुठीत घेतले आणि दाराच्या कडेला इकडंतिकडं बघितलं.

"आबा, वाडगं कुटंय?"

थांब, आलो, एवढंच मला म्हणता आलं. ती दारात उभी आहे. तिला वाटतंय, मी वाडगा आणायला आत आलोय. मी ही ओळ तुला लिहायला आलोय. आता रिकामा हात घेऊन जातो.