सेलूच्या भाजीबाजाराची जाळी

सोमवार, संध्याकाळ

भाजीबाजाराच्या शेडला आज पश्चिमेकडून मी आखलेली पहिली लोखंडी जाळी बसली. उन्हाचा कोन बघून संगणकावर मी एकेक भोक लहानमोठं केलं होतं. तरी चार वाजता वत्सलाकाकूंच्या कोथिंबिरीवर ऊन आलंच. माझं गणितच चुकलं की काय?

वेल्डर धनराजभाऊंनी वर पाहिलं. "मॅडम, जाळी उलटी लागली ना. मोठे भोकं खाली आले. माह्यी चूक."

लगेच उतरवून फिरवली. कोथिंबिरीवर सावली आली आणि वाराही येत राहिला. गणित बरोबर होतं!

काकू म्हणाल्या, "बाकीच्या कधी लावतं व पोरी?"

"याच आठवड्यात," मी बोलून गेले. पण बाकीच्या जाळ्यांची मंजुरी अजून यायचीय. उद्या सकाळीच मंजुरी देणाऱ्या साहेबांना गाठते.