तवंग तुटला नव्हता

३ फेब्रुवारी

जीभ कशी झडली नाही माझी! सहावीच्या मुलांसमोर धडधडीत खोटं बोलले. तेही विज्ञान शिकवताना.

जसं घडलं तसं लिहून ठेवते. नाहीतर उद्या स्वतःलाच गुंडाळेन.

सकाळी वर्ग ओढ्यावर नेला. तयारी बरेच दिवस चालली होती. कागद चुरगाळून डोंगर केले, त्यांच्या कडांवर शाईच्या रेघा ओढल्या, वरून पाण्याचा फवारा मारला. शाई ओघळत कुठे जाऊन साचते ते बघायला मुलं एकमेकांच्या डोक्यावर पडत होती. पाणलोट म्हणजे काय, ते मला सांगावंच लागलं नाही. मग तवंगाची परीक्षा शिकवली. पाण्यावर सप्तरंगी पापुद्रा दिसला की काडीने ढोसायचा. कुजक्या पानांमुळे धरलेला असेल तर काचेसारखा तडकतो, तुकडे वेगळेच राहतात. तेलाचा असेल तर काडी काढली की पुन्हा मिटतो.

पुलाच्या वरच्या अंगाला दगड उलटले तर गोगलगायी, चतुराची पिल्लं — नुसता बाजार भरलेला! चतुराची पिल्लं असली की पाणी स्वच्छ, मी मुलांना सांगितलं. पुलाखाली एक सिमेंटचा पाइप ओढ्यात उतरतो. त्याच्या पुढे दगडांखाली काहीच नाही. आणि पाण्यावर तवंग. मी मान वर केली. काठावर दादाचं गॅरेज.

माझा सख्खा भाऊ. बाबा गेले तेव्हा त्याने कॉलेज सोडून हातात पाना घेतला, म्हणून माझ्या हातात खडू आला.

प्रश्नपत्रिकेने काडी घातली. (शिवणकाम करणाऱ्या बाईंची मुलगी. प्रश्न विचारून विचारून भंडावते, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. तिलाही ते आवडतं.) तवंग फाटला. काडी निघाली. तवंग मिटला.

"बाई, हा मिटला."

"नाही गं. नीट बघ," मी म्हणाले. "तुटला तो. पानांचा आहे."

तिने परत काडी घातली. परत तेच. सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात मुंगी बोलली. मुंगी म्हणजे दादाची मुलगी, माझी भाची, त्याच वर्गात आहे. म्हणाली, "हो, तुटला. मी बघितला."

मग सगळ्यांनाच तुटलेला दिसला.

४ फेब्रुवारी

मधल्या सुट्टीत मुंगी येऊन शेजारी बसली. शाळेत ती मला आत्या म्हणत नाही, आजही म्हणाली नाही. हातातलं अर्धं सफरचंद मला दिलं. मी ते खाल्लं.

७ फेब्रुवारी

दादाला विचारायचंच, असं ठरवून त्याच्या घरी गेले. चहा प्यायले. वहिनीने शिवलेले पडदे बघितले. दादा हात धुऊन आला, नखांतलं काळं तसंच. म्हणाला, वाळलीस गं, शाळेत फार राबवतात का? मी म्हटलं, छे. आणि परत आले.

तोंड दिलंय देवाने, ते फक्त चहाला.

११ फेब्रुवारी

आज प्रश्नपत्रिकेची आई शाळेत आली. शिवणकाम सोडून आली होती, ब्लाउजला टाचण्या तशाच टोचलेल्या. विचारत होती, हिला फळ्यावरचं दिसतं का? म्हटलं, दिसतं की. का हो?

तर पोरीने घरी धोशा लावलाय — मला चष्मा लावा. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं. ते म्हणाले, डोळे उत्तम आहेत. तरी ऐकत नाही. सगळ्या वर्गाला तुटलेलं दिसलं आणि मला एकटीलाच मिटलेलं दिसलं, म्हणते. रात्री उशीत तोंड खुपसून रडते.

"डॉक्टरांपेक्षा आमच्या बाईंना जास्त कळतं, म्हणते," आई हसून म्हणाली.

मीही हसले. हसले मी! ती गेल्यावर प्रयोगशाळेत जाऊन नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारत राहिले. एका पोरीचा मी तिच्या धडधाकट डोळ्यांवरचा विश्वास उठवला. मास्तरकी कसली ही.

१२ फेब्रुवारी

वर्ग परत ओढ्यावर नेला. पाइपाजवळ उभी राहिले. आणि बोलले.

"तवंग मिटला होता. हिचे डोळे चांगले आहेत. मी खोटं बोलले."

कोणीतरी विचारलं, का? म्हटलं, वर माझ्या भावाचं गॅरेज आहे. तेल त्याचं आहे. त्याला वाचवायला गेले.

वाटलं होतं, प्रश्नपत्रिकेच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटेल. ती म्हणाली, "मग चतुराच्या पिल्लांचं सांगितलंत ते?" ते खरं आहे, म्हटलं. तिने मान हलवली. पटल्यासारखी नाही.

मुंगी सगळ्यांच्या मागून चालत आली. तिचा हात धरायला गेले तर तिने तो दप्तराच्या पट्ट्यात अडकवून घेतला.

१४ फेब्रुवारी

दादा आला होता. गावभर झालं म्हणे. मुलं घरी बोलली, आया नळावर बोलल्या. आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर बरं झालं असतं.

"मला विचारलं असतंस," म्हणाला. "मागे येऊन एकदा बघितलं असतंस."

मला वाटलं, चोराच्या उलट्या बोंबा. म्हटलं, दादा, जे पोरांना दिसतं ते मला दिसत नाही का? त्याने कप बाजूला सारला. मग उठला. चहावर साय धरली होती.

रात्री वहिनीचा फोन. मुंगी जेवत नाहीये.

लाज वाटतेच आहे. पण खरं बोलले ना शेवटी? तेवढं एक तरी सरळ केलं मी. आज निदान झोप लागेल.

१८ फेब्रुवारी

प्रश्नपत्रिका म्हणाली, बाई, तुम्ही सांगितलंत म्हणून तेल गॅरेजचंच असं धरून चालायचं नाही, आपण बघू. मुलांनीच बीट किसून बादल्यांत लाल पाणी केलं. दादाने गॅरेजचं मागचं दार उघडून दिलं. तिथल्या मोरीत पाणी ओतलं. ते सगळं त्याच्या शोषखड्ड्यात गेलं — विटांनी बांधलेला, वाळू-खडी भरलेला. मी तो कधी पाहिलाच नव्हता. पाइपाशी उभ्या असलेल्या मुलांनी वर ओरडून सांगितलं, इथे काही नाही. पुन्हा ओतलं. काही नाही.

मग मुलं एकेक गटार धरत वर गेली. आमच्या शाळेच्या बसगाड्या धुण्याच्या ओट्यावर बादली ओतली, आणि पाइप लाल झाला.

मुंगी तो बघायलाही थांबली नाही. बाबांना सांगायला धावत सुटली. मी तिच्या मागे निघाले. गॅरेजच्या कोपऱ्यापर्यंत गेले. पुढे पाय उचलेना.